ट्रॅक्टरच्या लिफ्टचा पंप बदलायचाय? आधी जाळी काढून बघा

मृगाला आठ-दहा दिवस उरले की आमच्या वर्कशॉपवर एकच वाक्य ऐकू येतं, "लिफ्ट उचलंना, पंप गेलाय. नवा आणून ठेवलाय, फक्त बसवून द्या." लिफ्ट म्हणजे ट्रॅक्टरचं मागचं औत तेलाच्या दाबावर उचलणारी यंत्रणा. जाऊन बघावं तर तेल गाळणारी जाळी गाळाने चोंदलेली आणि पंप ठणठणीत. दुसऱ्या तऱ्हेचे फोन पेरणी सुरू झाल्यावर येतात. "गेल्या आठवड्यात नवा पंप टाकला, तोही गेला. दुकानदाराने डुप्लिकेट दिला वाटतं." तो पंप उघडला की आत बहुतेक वेळा एक तर कोरडा फिरल्याच्या खुणा असतात, नाहीतर जुन्या तेलातला चुरा खाल्ल्याच्या.

म्हणजे काम बिघडतं ते दोन जागी. एक, जुना पंप उतरवण्याआधी. दुसरी, नवा बसवून चावी फिरवल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत. मधलं बोल्ट सोडणं-आवळणं हात चालणाऱ्या कोणालाही जमतं. म्हणून इथे मधल्या कामाला जागा कमी आणि दोन्ही टोकांना जास्त दिली आहे.

एक गोष्ट आधीच. इथे सांगितलेलं सगळं बाहेरून बसणाऱ्या गिअर पंपाबद्दल आहे, जो बऱ्याच ट्रॅक्टरांत इंजिनच्या बाजूला टायमिंग गिअरवर चालतो. जुन्या मॅसी फर्ग्युसनच्या घडणीत पंप पिस्टनचा असतो, मागच्या घरात तेलात बुडालेला आणि पी.टी.ओ.च्या (मागची यंत्रं फिरवणाऱ्या) शाफ्टवर फिरणारा. तो काढायला लिफ्टचं अख्खं कव्हर चेन-ब्लॉकने उचलावं लागतं. ते काम शेताच्या बांधावर करू नका, वर्कशॉपला न्या. पण त्याआधी पी.टी.ओ.चा लिव्हर लागलेला आहे ना, हे बघा. त्या घडणीत लिव्हर न्यूट्रलला असला तर पंप फिरतच नाही, आणि एवढ्याशा कारणासाठी ट्रॉलीवर घालून आणलेला ट्रॅक्टर मी पाहिलाय.

## टप्पा १: पंपच गेलाय का, हे आधी ठरवा

नवा पंप आणण्याआधी अर्धा दिवस या टप्प्याला द्या. तेलाची पातळी, जाळी, सक्शन पाईप (टाकीतून पंपाकडे तेल ओढणारी नळी), लिफ्टचं वागणं, शेवटी प्रेशर, याच क्रमाने जा. क्रम उलटा केला की खिशाला फटका बसतो.

तेल. ट्रॅक्टर सपाट जागी, आर्म (औत उचलणारे मागचे हात) पूर्ण खाली, इंजिन बंद. मग कांडी काढा. आर्म वर असताना पातळी बघितली तर बरंचसं तेल सिलिंडरमध्ये अडकलेलं असतं आणि पातळी कमी दिसते. टिपिंग ट्रॉलीचा जॅक जोडलेला असेल तर तोही पूर्ण बसलेला हवा. तेल दुधासारखं पांढुरकं असेल तर त्यात पाणी गेलंय. पावसाळाभर ट्रॅक्टर उघड्यावर उभा असला आणि ब्रीदरच्या (टाकीत हवा जाण्या-येण्याच्या तोंडाच्या) टोपीच्या जागी चिंधी कोंबलेली असली की हे हमखास होतं. नुसता फेस असेल तर पंप हवा ओढतोय.

जाळी. सक्शनची जाळी किंवा फिल्टर काढा, उजेडात धरा. आमच्याकडची काळी माती नांगरटीच्या दिवसांत पिठासारखी उडते आणि तेल भरायच्या झाकणातून, ब्रीदरमधून आत जाते. ती तेलात मिसळून जाळीवर काळ्या लोण्यासारखी बसते. नुसतं बघून जाळी मोकळी वाटते, बोट फिरवलं की थर हाताला लागतो.

सक्शन पाईप. रबरी नळी बाहेरून चांगली आणि आतून सुटलेली असू शकते. आतलं अस्तर सुटलं की पंपाने ओढ घेतली की ते मिटतं आणि तेलाची वाट बंद होते. इंजिन बंद केल्यावर सगळं पुन्हा जागेवर, म्हणून हा दोष सापडत नाही. नळी दाबून बघा. पोकळ, मऊ लागली तर बदलाच. क्लॅम्पपाशी बाहेर तेल गळत नसलं तरी हवा आत जाऊ शकते, कारण तिथे दाब नसतो, ओढ असते. चालू इंजिनवर क्लॅम्पवर थोडं तेल सोडा. आवाज बदलला तर हवा तिथूनच येतेय.

हे तिन्ही ठीक असेल तरच पुढे. आता लिफ्टच्या वागण्याकडे बघा.

तेल थंड असताना नांगर झटकन उचलतो, तास-दीड तास काम झाल्यावर हळू हळू आणि दुपारी उचलतच नाही, असं असेल तर पंप झिजल्याचा संशय पक्का होतो. गिअर पंपात गिअरच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लेटा असतात. त्या झिजल्या की तेल पुढे जाण्याऐवजी फटीतून मागे पळतं. थंड तेल घट्ट असतं म्हणून कमी पळतं, तापून पातळ झालं की जास्त. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना हा पंप सकाळी साव असतो आणि दुपारी चोर.

रेस वाढवली की उचलतो आणि आयडलला उचलत नाही, हेही झिजेचंच लक्षण. उलट सकाळी गार तेलावर जास्त किंचाळतो आणि तापल्यावर आवाज कमी होतो, तर बहुधा जाळी किंवा सक्शन चोंदलंय, कारण घट्ट तेल जाळीतून निघत नाही.

नांगर उचलून इंजिन बंद केलं आणि तो आपोआप खाली बसत गेला, तर त्यात पंपाचा दोष नाही. इंजिन बंद असताना पंप कामातच नसतो. तो दोष सिलिंडरच्या सीलचा, कंट्रोल व्हॉल्व्हचा किंवा सेफ्टी व्हॉल्व्हचा. खडूने खूण करून दहा मिनिटं बघा. यासाठी नवा पंप टाकणारे दरवर्षी भेटतात, आणि पंप टाकूनही नांगर बसायचा थांबत नाही.

काल व्यवस्थित होता आणि आज अचानक अजिबात नाही, असं झालं तर पंप झिजलेला नसतो. झीज हळू येते. अचानक बंद पडलं म्हणजे पंपाचा शाफ्ट, कपलिंग किंवा शाफ्टच्या खाचेतली चावी (की) तुटली, नाहीतर रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की उघडून तेल परत सोडणारा) उघडाच अडकला.

एक छुपं लक्षण सांगतो, कारण ते इंजिन खातं. लिफ्टचं तेल कमी होतंय, बाहेर कुठेच गळत नाही आणि इंजिन ऑइलची पातळी मात्र वाढत चाललीय. हे दिसलं तर पंपाच्या शाफ्टचं ऑइल सील गेलंय आणि लिफ्टचं तेल टायमिंगच्या घरातून इंजिनात उतरतंय. अशा वेळी ट्रॅक्टर चालवू नका. पंप बदलल्यावर इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टरही बदलावा लागेल.

> बादलीच्या धारेवर जाऊ नका. प्रेशर पाईप सोडून बादलीत धार बघायची आणि "धार जोरात आहे, पंप चांगला" म्हणायचं, ही पद्धत गावोगावी आहे. पंपावर ११ सीसी (म्हणजे एका फेरीत ११ मिलिलिटर तेल) लिहिलं असेल तर २००० फेऱ्यांना त्याने मिनिटाला सुमारे २२ लिटर द्यायला हवं, आणि झिजलेला पंपही बादलीत जवळपास तेवढं देतो. कारण बादलीत जाणाऱ्या तेलाला विरोध नसतो. फटीतून तेल मागे पळतं ते भार आल्यावर. म्हणून पंपाची खरी परीक्षा प्रेशर गेजवरच होते, तीही तेल तापल्यावर.

गेज ० ते २५० किलोचं (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो) घ्या. टेस्टच्या जागी जोडा, तेल चांगलं तापवा, मग लिफ्टवर पूर्ण भार येऊ द्या आणि आकडा वाचा. बऱ्याच ट्रॅक्टरांत रिलीफ व्हॉल्व्ह १५० ते २०० किलोच्या दरम्यान उघडतो. तुमच्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा त्याच्या पुस्तिकेत असतो, तोच धरायचा. कमी आकडा आला तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह काढून साफ करा आणि परत मोजा. तरीही कमीच आला, तर पंप.

## टप्पा २: पंप घेताना जुना पंप हातात घेऊन जा

लातूर, नांदेड, परभणी, जालन्याच्या पार्टच्या दुकानांत मॉडेलचं नाव सांगितलं की पंप काढून देतात. पण एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगळे पंप बसलेले असतात. म्हणून शक्य असेल तर जुना उतरवून सोबत न्या आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून जुळवा: पंपावरची सीसी, शाफ्टचे दाते किंवा चावी, फ्लॅन्जच्या (पंप बोल्टने जिथे टेकतो त्या कडेच्या) बोल्टांचं अंतर, दोन्ही तोंडांचा व्यास, आणि फिरण्याची दिशा.

दिशा सगळ्यात महत्त्वाची. उलट्या दिशेचा पंप बाहेरून हुबेहूब तसाच दिसतो, फ्लॅन्जलाही बसतो. पण चालू केला की प्रेशर सक्शनच्या बाजूला येतं आणि शाफ्टचं सील क्षणात उडतं. पंपावरचा बाण बघा. बाण नसेल तर दोन्ही तोंडांत थोडं स्वच्छ तेल सोडा, मोठ्या तोंडावर अंगठा ठेवा आणि शाफ्ट ज्या बाजूला फिरायला हवा त्या बाजूला हाताने फिरवा. अंगठ्याला ओढ लागली पाहिजे. ढकल लागली तर तो पंप परत करा.

रिपेअर किटने भागेल का, हे लोक नेहमी विचारतात. पंप उघडून सक्शनच्या बाजूच्या भिंतीवर नख फिरवा. गिअर प्रेशरने त्या बाजूला ढकलले जातात, त्यामुळे तिथे गिअरच्या रुंदीचा हलका पट्टा नव्या पंपातही पडतो, त्यात काही नाही. नख अडकेल एवढा चर असेल तर प्लेटा आणि सील बदलून काही होणार नाही, शरीरच गेलंय. माझं मत विचाराल तर ज्या पंपातून चुरा गेलाय त्यात किट घालणं म्हणजे एका हंगामाची उधारी.

पंपाबरोबर हेही आणा: फ्लॅन्जचं गॅस्केट आणि ओ-रिंगा, तांब्याचे वायसर, सक्शन नळी आणि दोन क्लॅम्प, फिल्टर, आणि पुस्तिकेत सांगितलेलं तेल. तेलाच्या बाबतीत हट्ट धरा. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक हे तिन्ही एकाच तेलावर चालतात. तिथे यूटीटीओ (या तिन्हींसाठी बनवलेलं ट्रॅक्टरचं तेल) लागतं. स्वस्त मिळालं म्हणून ९० नंबरचं गिअर ऑइल ओतलं की ते पंपाला जड जातं आणि ब्रेकही ओरडायला लागतात.

## टप्पा ३: तयारी, आदल्या दिवशीपासून

ट्रॅक्टर आदल्या दिवशी धुवा. पंपाच्या आसपास डिझेल आणि ब्रशने मळ सोडवा, मग पाणी मारा, वाळू द्या. ब्रीदर आणि डायनॅमोवर थेट फवारा नको. नट उघडताना वरचा मातीचा एक खडा आत पडला की आपण नव्या पंपाला पहिला घास मातीचा देतो.

जागा फरशीची किंवा सिमेंटची घ्या. लिंबाच्या झाडाखाली सावली चांगली असते, पण वारं सुटलं की लिंबोळ्या आणि धूळ दोन्ही पडतात. गोठ्याजवळही नको, भुसा उडतो.

- औत जमिनीवर टेकवून सोडून ठेवा. आर्म पूर्ण खाली.
- टप्पा ४ मधलं तेल कोमट करणं झालं की इंजिन बंद, चावी खिशात, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी.
- लिव्हर दोन-तीनदा वर-खाली करा, म्हणजे अडकलेलं प्रेशर निघतं.
- मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे.
- पुसायला सुती धोतराचे किंवा जुन्या चादरीचे तुकडे. सुताचा गुंता किंवा पोतं नाही. त्याचे धागे जाळीत जाऊन बसतात.

> सावध: उचललेल्या नांगराखाली किंवा टिपिंग ट्रॉलीच्या उचललेल्या पेटीखाली फक्त जॅकच्या भरवशावर कोणीही जाऊ नये, एका मिनिटासाठीही नाही. पेटी वरच ठेवायची असेल तर लोखंडी टेकू लावा. पाईप सुटला की पेटी बसायला डोळ्याची पापणी लवायचाही वेळ लागत नाही.

## टप्पा ४: जुना पंप उतरवणं

ट्रॅक्टर दहा मिनिटं चालवून तेल कोमट करा आणि मग सोडा. कोमट तेल गाळ घेऊन निघतं. धार स्वच्छ पांढऱ्या कपड्यावरून बादलीत घ्या आणि कपड्यावर काय उरतं ते बघा. चमकणाऱ्या चुऱ्यावर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटला तर तो लोखंडाचा, म्हणजे गिअरचा किंवा बेअरिंगचा. चिकटला नाही आणि पांढरा किंवा पितळी झाक असेल तर पंपाचं शरीर किंवा प्लेटा झिजल्यात. दोन्ही भरपूर निघालं तर पंपाबरोबर गिअरबॉक्सचीही चौकशी करावी लागेल. नवा पंप त्या चुऱ्यात जगणार नाही.

बाकी काम सरळ आहे. पाईप सोडण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा. युनियन सोडताना दोन पाने लावा, एकाने धरा, एकाने फिरवा, नाहीतर पोलादी पाईपला पीळ बसतो. सुटलेलं प्रत्येक तोंड लगेच बंद करा, प्लास्टिकच्या टोप्या नसतील तर स्वच्छ पिशवी बांधा. पंप अडकला तर फ्लॅन्जच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. लाकडी ठोकळ्यावरून हलके ठोके द्या.

पंप निघाला की टायमिंगच्या घराचं तोंड उघडं पडतं. त्यात पडलेला एक वायसर इंजिन उघडायला लावतो. तोंडात चिंधी घाला, पण किती तुकडे घातले ते मोजून घाला आणि मोजून काढा.

> तपासा: पंप चालवणारा गिअर किंवा कपलिंग हाताने हलवा, दाते बघा. दाते धारदार, एका बाजूला कलंडलेले दिसले तर तेही बदला. झिजलेल्या कपलिंगवर नवा पंप थरथरतो आणि आठ-पंधरा दिवसांत सील सोडतो.

## टप्पा ५: सफाई, जी घाईत राहते

पंप झिजताना त्याचा चुरा कुठे गेला? पुढे. प्रेशर पाईपमध्ये, कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये, सिलिंडरमध्ये, आणि तिथून परत टाकीत. म्हणून नुसतं तेल बदलून भागत नाही. प्रेशर पाईप काढून आतून डिझेलने धुवा आणि हवेने कोरडा करा. डिझेल आत राहू देऊ नका, ते नव्या तेलाला पातळ करतं. टाकीच्या तळाला हात जात असेल तर तळाचा गाळ कपड्याने पुसून काढा. चुंबकाचा ड्रेन प्लग असेल तर तो साफ करा.

सिलिंडरमधलं जुनं तेल लोक विसरतातच. आर्मवर माणसाचं वजन किंवा दोन पोती टाकून ते पूर्ण खाली बसवा, म्हणजे आतलं तेल बाहेर येतं. टिपिंग ट्रॉलीच्या जॅकमध्ये तर कितीतरी लिटर जुनं तेल असतं. ट्रॅक्टरचं तेल बदललं आणि ट्रॉली तशीच जोडली, तर पहिल्याच खेपेला सगळा मळ परत. ऊस वाहणाऱ्या आणि मुरूम टाकणाऱ्या ट्रॅक्टरांचे पंप वरचेवर जातात, त्याचं एक कारण हे आहे. एकाच ट्रॉलीला चार जणांचे ट्रॅक्टर जोडले जातात आणि चौघांचा मळ चौघांत फिरतो. ट्रॉलीचं क्विक कपलर जोडण्याआधी पुसायला एक कपडा सीटखाली कायमचा ठेवा.

निघालेलं जुनं तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याला द्या.

## टप्पा ६: नवा पंप बसवणं

१. पंपाची प्लास्टिकची टोपणं बसवायच्या क्षणीच काढा. दुकानातून आणताना पिशवीत टोपणं पडलेली असतील तर पंप आधी स्वच्छ तेलाने आतून धुऊन घ्या.

२. सक्शनच्या तोंडातून पंपात तेच नवं तेल भरा, शाफ्ट हाताने पाच-सहा वेळा फिरवा, परत भरा. दुसऱ्या तोंडातून तेल यायला लागेपर्यंत. ही पायरी गाळली की पुढचं सगळं वाया.

३. ओ-रिंगला तेल लावा. ग्रीसचा लपका नको, ओ-रिंग जागेवर धरण्यापुरतं चालेल.

४. गॅस्केट जुन्याच जाडीचं. इथे घरी कापलेलं जाड पॅकिंग चालत नाही, गिअरच्या दात्यांची जुळणी बिघडते. फ्लॅन्जला सिलिकॉनचा जाड थर लावू नका. जादा सिलिकॉन आतल्या बाजूला फुगतं, तुकडा सुटतो आणि सक्शनमध्ये जातो. आट्यांवर टेफ्लॉन टेपही नाही, त्याच्या चिंध्या थेट व्हॉल्व्हमध्ये सापडतात.

५. पंप हाताने ढकलून फ्लॅन्ज पूर्ण टेकला पाहिजे. टेकत नसेल तर दाते जुळलेले नाहीत. बोल्टने ओढून बसवायला जाल तर फ्लॅन्जचा कान तुटतो. शरीर ॲल्युमिनियमचं असतं, ते माफ करत नाही.

६. बोल्ट आधी हाताने, मग आडवे-तिडवे थोडे-थोडे. शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्यावर.

७. आधी सक्शन, मग प्रेशर पाईप. पाईप जागेवर सहज आला पाहिजे. ताणून आणून बसवला तर त्याच जागी दोन महिन्यांत चीर पडते.

## टप्पा ७: पहिली पाच मिनिटं

हा भाग दोनदा वाचा. कित्येक वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर, ढग भरून आलेले आणि मालक डोक्यावर उभा, अशा घाईत मी एक पंप न भरता चालू केला होता. "घेईल ओढून" असं म्हणालो. त्याने ओढलं नाही. दहाव्या मिनिटाला किंचाळायला लागला, उघडला तर प्लेटा जळून निळ्या पडलेल्या. दुसऱ्या पंपाचे पैसे मी भरले. नवं तेल आणि पेरणीची गेलेली वाफ मात्र त्या शेतकऱ्याची.

तेल भरताना बारीक जाळीचं फनेल वापरा. तेल नव्या डब्यातलं असलं तरी. पातळीपर्यंत भरा आणि सक्शन पाईपमधली हवा वर यायला पंधरा-वीस मिनिटं थांबा. चहा घ्या, हा वेळ वाया जात नाही.

मग बॅटरीची तार परत जोडा आणि असं करा. स्टॉपचा नॉब ओढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. सेल्फ दहा सेकंद मारा, एक मिनिट थांबा, परत दहा सेकंद. असं तीनदा. एवढ्यात पंप हळू फिरून तेल धरतो.

आता नॉब सोडून इंजिन सुरू करा. रेस अगदी कमी. लिफ्टचा लिव्हर खालीच. औत जोडलेलं नको. कान पंपाकडे. सुरुवातीला थोडी घरघर होईल आणि अर्ध्या-एक मिनिटात ती बसली पाहिजे. आवाज बसत नसेल, शिट्टीसारखा चढत असेल, तर लगेच बंद करा. रेस वाढवून "हवा निघेल" असं करू नका. ती निघत नाही, पंप मरतो. सक्शन क्लॅम्प, ओ-रिंग आणि तेलाची पातळी पुन्हा बघा.

आवाज ठीक असेल तर रिकामे आर्म सावकाश वर न्या, खाली आणा, आठ-दहा वेळा. पहिले हिसके हवेचे असतात, ते थांबतात. इंजिन बंद करा, आर्म खाली, पुन्हा तेल बघा. पाईप आणि सिलिंडर भरल्यामुळे पातळी उतरलेली असेल. वरून घाला. फेस दिसत असेल तर अर्धा तास थांबून मगच पुढे.

> सावध: गळती हाताने शोधू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून १५० किलोच्या दाबाने निघालेली तेलाची धार कातडीत शिरते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, पण तेल आत पसरतं आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती शोधा. असं कोणाला झालंच तर घरी हळद लावत बसू नका, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या आणि "हायड्रॉलिकचं तेल कातडीत शिरलंय" असं स्पष्ट सांगा.

## टप्पा ८: भार आणि प्रेशर

पहिला भार हलका असू द्या, मोगडा किंवा पेरणी यंत्र. दोन फाळांचा पलटी नांगर पहिल्याच तासाला नको. तेल तापू द्या, मग गेज लावून टप्पा १ मधलीच मोजणी करा. रिलीफ व्हॉल्व्ह उघडलेला असताना लिव्हर पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. तेवढ्यात आकडा वाचून होतो.

आकडा पुस्तिकेपेक्षा थोडा कमी आला की काही जण रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर टाकतात. "प्रेशर वाढवून दिलं" म्हणून शाबासकीही मिळते. करू नका. व्हॉल्व्ह हा पंप, पाईप आणि लिफ्टचं कव्हर फुटू नये म्हणून असतो. वायसर टाकल्यावर नांगर जोरात उचलला जाईल, आणि दगडात अडकल्यावर एखाद्या दिवशी कव्हरच तडकेल. जुना ट्रॅक्टर घेतला असेल तर तिथे आधीच कोणी वायसर टाकून ठेवलाय का, हे मी आवर्जून बघतो. सापडतो.

आता लिव्हर पूर्ण वर नेऊन सोडा आणि ऐका. आर्म वर पोचल्यावर पंपाचा आवाज हलका झाला पाहिजे. तो सतत करकरत राहिला तर लिंकेजची (आर्म आणि लिव्हर व्हॉल्व्हला जोडणाऱ्या दांड्यांची) सेटिंग चुकलीय. आर्म टोकाला पोचले तरी व्हॉल्व्ह न्यूट्रलला येत नाही आणि सगळं तेल रिलीफमधून जातंय. रस्त्याने नांगर वर घेऊन दहा किलोमीटर जाताना हेच चालू राहतं, तेल उकळतं, आणि घरी येईपर्यंत नव्या पंपाचं अर्धं आयुष्य संपतं. ही सेटिंग करून घेतल्याशिवाय ट्रॅक्टर शेतात सोडू नका.

## टप्पा ९: पुढचे पन्नास तास

पहिल्या दिवसाच्या कामानंतर तेल गार झाल्यावर फ्लॅन्जचे बोल्ट आणि क्लॅम्प पुन्हा बघा, पातळी बघा. इंजिन ऑइलची कांडीही काढा. ती वर चढली असेल तर सील पहिल्याच दिवशी गेलंय, आणि हे दुकानदाराला लगेच दाखवता येतं, महिन्याने नाही. बिल आणि खोका जपून ठेवा.

सुमारे पन्नास तासांनी फिल्टर बदला किंवा जाळी धुवा, कितीही स्वच्छ वाटली तरी. सफाईत सुटलेला मळ एवढ्या वेळात तिथे येऊन बसतो. काढलेली जाळी पांढऱ्या कपड्यावर झटका आणि परत चुंबक फिरवा. दोन-चार कण निघाले तर चालेल. मूठभर चमक निघाली तर ट्रॅक्टर तिथेच थांबवा आणि टप्पा ५ पासून पुन्हा सुरुवात करा, पेरणी कितीही अंगावर आली असली तरी.